'ओल्डबॉय'च्या कॉरिडॉरसारखी एका शॉटची मारामारी कशी उभी करावी

कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक यांच्या २००३ च्या 'ओल्डबॉय'मध्ये पंधरा वर्षं एका खासगी तुरुंगात डांबला गेलेला ओ दे-सू त्याच जागी परत येतो आणि हातोडी घेऊन कॉरिडॉरमधल्या गुंडांच्या झुंडीला भिडतो. कॅमेरा बाजूने, भिंतीला समांतर सरकत राहतो. अडीच-तीन मिनिटं कट नाही. या शॉटला तीन दिवस आणि सतरा टेक लागले. पाठीत घुसलेला सुरा संगणकावर घातलेला आहे, मार, धक्के आणि धाप मात्र ओ दे-सू झालेला चोई मिन-सिक आणि स्टंटवाल्यांची स्वतःची. पुढच्या वर्षी चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून या शॉटची नक्कल जगभर होते आहे. शॉर्टफिल्मवाले तर हमखास करतात.

बहुतेकांची फसते, कारण ते कॅमेऱ्याची चाल उचलतात आणि थकवा सोडून देतात. या दृश्यात माणूस लढतो त्याहून जास्त वेळ उभं राहण्यासाठी धडपडतो. तीन मिनिटांची चपळ, चकचकीत मारामारी बाजूने दाखवली तर ती कवायत दिसते. पुढचं सगळं नियोजन ही गोष्ट धरून करायचं.

बाजूचा कोन काय काय हिरावून घेतो

नेहमीच्या मारामारीत ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की ते अंतर लेन्सला दिसत नाही. कॉरिडॉरमध्ये माणसं डावी-उजवीकडे भिडतात आणि कॅमेरा त्यांच्याशी काटकोनात असतो. त्यामुळे ती वीतभर पोकळी प्रेक्षकाला उघडी दिसते, आणि लपवायला कटही नाही. म्हणून फाईट मास्टरसोबत बसताना पहिला प्रश्न 'कुठला फटका भारी दिसेल' हा नसावा. 'कुठला फटका बाजूने खरा दिसेल' हा असावा.

बाजूने खऱ्या दिसणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. पकडणं, ढकलणं, कॉलर धरून भिंतीवर आपटणं, पायात पाय घालून पाडणं यांत काही लपवावंच लागत नाही, वजन खरं असतं. कुस्तीच्या तालमीत वाढलेली पोरं इथे कराटेवाल्यांपेक्षा जास्त कामाला येतात. पोट, मांडी, खांदा आणि पाठ यांवर कपड्यांखाली १० ते १५ मिमी जाडीचं फोमचं पॅड बांधून हलका पण प्रत्यक्ष स्पर्शाचा मार देता येतो. चुकलेला वार तर फुकटचा खरा. चेहऱ्यावरचा ठोसा हवाच असेल तर जोडी फिरवा: खाणारा मागच्या भिंतीला टेकलेला, मारणाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे. मग मारामारीची रेषा लेन्सच्या रेषेत येते आणि जुनी युक्ती पुन्हा चालते. असे फटके मोजकेच ठेवा. दहा हालचालींत दोन फिरवलेले ठोसे, तीन पॅडवरचे मार, तीन धरपकडी आणि दोन हुकलेले वार, एवढं प्रमाण ठीक बसतं.

जागा, लेन्स आणि भिंत

उभा माणूस डोक्यावर थोडी जागा ठेवून पूर्ण दिसायला फ्रेमची उंची २.३ मीटर लागते. २.३९:१ च्या रुंद फ्रेममध्ये त्याची रुंदी होते ५.५ मीटर. आता कॅमेरा किती लांब ठेवायचा त्याचं सूत्र सोपं आहे: फ्रेमची रुंदी गुणिले लेन्सची फोकल लेंग्थ, भागिले सेन्सरची रुंदी. सुपर ३५ हा सिनेकॅमेऱ्याचा नेहमीचा सेन्सर साधारण २५ मिमी रुंद धरला तर ३५ मिमी लेन्सला कॅमेरा ७.७ मीटर मागे हवा, २४ मिमीला ५.३ आणि ५० मिमीला ११ मीटर. त्याहून रुंद फुल फ्रेम सेन्सरवर ३५ मिमी लेन्सला साधारण ५.३ मीटर पुरतात.

म्हणजे कुठलाही खरा कॉरिडॉर चालत नाही, कारण त्याला समोरची भिंत असते. चाळीची गॅलरी मोहात पाडते, पण तिथे कठडा पाय खातो आणि कॅमेरा बाहेर हवेत सात-आठ मीटरवर, परांचीवर उभा करावा लागतो. गोडाऊन किंवा तळघरातलं पार्किंग घ्या आणि फक्त मागची भिंत व दोन टोकं उभी करा. चौदा मीटर लांबीला आठ बाय चारचे बारा प्लायवूड उभे लावले की पुरतात.

पण त्याच ठिकाणी एक हमखास चूक होते. फ्रेमची उंची २.३ मीटर आहे ती माणसांच्या जागी. भिंत त्यांच्या मागे सव्वा मीटरवर असली तर तिथे फ्रेम जवळजवळ २.७ मीटर उंच होते. लेन्स जमिनीपासून १.१ मीटरवर सरळ ठेवली तर आठ फुटी प्लायची वरची कड फ्रेमच्या अगदी काठावर येते, आणि ट्रॉली एक इंच हलली की गोडाऊनचे पत्रे दिसतात. वर दोन फुटांची पट्टी वाढवा, किंवा छताजवळून एक जाड पाइप न्या आणि कड त्याच्या मागे लपवा. पाइप सेटलाही शोभतो.

कॉरिडॉरची खोली, म्हणजे भिंतीपासून कॅमेऱ्याकडची काल्पनिक कड, २ ते २.४ मीटर ठेवा. सव्वा मीटरच ठेवली तर दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत आणि सगळं रांगेत घडतं. तीन मीटर केली तर प्रेक्षक विचारतो, हे सगळे मिळून त्याला घेरत का नाहीत? अरुंदपणा हेच त्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते जपा. कॅमेऱ्याकडची कड जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्या. त्या कडेजवळ आडवा पडलेला माणूस फ्रेमच्या खालच्या काठाने कापला जातो. नायकाने पाडलेली माणसं म्हणून भिंतीच्या बाजूला पडू द्या. मात्र ज्याला पुन्हा उठवून दुसऱ्या टोकाकडून आणायचं आहे त्याला मुद्दाम कॅमेऱ्याच्या बाजूला पाडा. तो पोटावर सरपटत निघून जातो, फारसं कुणाला कळत नाही.

या कोनाचा एक मोठा फायदाही आहे. कॅमेरा आणि मारामारी यांतलं अंतर बदलत नाही, त्यामुळे फोकस जवळजवळ एका जागी राहतो. ३५ मिमी लेन्स, ७.७ मीटर, अ‍ॅपर्चर एफ ४ ठेवलं तर पावणेपाच मीटरपासून वीस मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोकस पुलरला, म्हणजे फोकस सांभाळणाऱ्या सहायकाला, त्या दिवशी ट्रॉलीकडे लक्ष द्यायला सांगा.

तुकडे पाडणं

कोरियात शूटआधीच्या चित्रफलकांना कोंटी म्हणतात आणि त्यांची पुस्तिका युनिटच्या हाती असते. एका शॉटच्या दृश्याला चौकटी काढून काय करायचं, असं वाटेल. इथे चौकटीऐवजी वरून पाहिलेला जमिनीचा नकाशा काढा, प्रत्येक तुकड्याला एक.

अडीच मिनिटं म्हणजे १५० सेकंद. त्याचे नऊ तुकडे करा, प्रत्येकी १२ ते २० सेकंदांचे. त्यांतल्या तीन तुकड्यांत विश्रांती: चार ते सहा सेकंद कुणीच कुणाला मारत नाही. नायक भिंतीला टेकतो, हातोडीवर भार देऊन उभा राहतो, समोरचे हिंमत गोळा करतात. हे तीन थांबे काढून टाकण्याचा मोह प्रत्येक दिग्दर्शकाला होतो आणि तिथेच शॉट मरतो. प्रेक्षकाला माणूस त्या थांब्यांतच दिसतो. शिवाय पडद्यामागेही त्यांचं काम आहे. मागे पडलेला स्टंटवाला आपल्या खुणेवर पोचतो, ट्रॉली जागेवर येते, फाईट मास्टरची आकड्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. आधीच्या तुकड्यात दोन सेकंद निसटले असतील तर ते इथे भरून निघतात.

वेग सतत उतरता ठेवा. पहिल्या तुकड्यात दहा सेकंदांत सहा हालचाली असतील तर शेवटच्यात दोन. हातोडी आधी खांद्याच्या वरून येते, मग कमरेच्या उंचीवरून, शेवटी ती फक्त हातात लोंबते.

हल्लेखोर बारा पुरेत. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि त्याचा कागद बनवा: कुठून येतो, कितव्या तुकड्यात मार खातो, कुठे पडतो, उठतो का, हातात काय आहे. एका वेळी नायकाला भिडणारे दोनच. उरलेल्यांचं काय, हा खरा प्रश्न. रिकामी उभी असलेली माणसं हात हलवत नाचायला लागतात आणि बाजूच्या कोनात ती सगळीच्या सगळी दिसतात. प्रत्येकाला काम द्या: एकजण पडलेल्याला ओढून बाजूला नेतो, एकाची काठी हातातून सुटलेली आहे ती तो शोधतो, एकजण पुढच्याला ढकलतो पण स्वतः जात नाही, एकाने पोट धरलंय. भीती हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरं काम आहे.

हत्यारं आणि फरशी

हातोड्या तीन बनवा. खरी फक्त स्थिर जवळच्या शॉटसाठी, आणि ती सेटवर कुलपात. दुसरी कडक रबराची, हातात धरून फिरवायला. तिसरी मऊ फोमची, पॅडवर लागणाऱ्या फटक्यांसाठी. एका शॉटमध्ये हातोडी बदलता येत नाही, म्हणून मुख्य शॉटमध्ये तिसरीच चालते. मऊ हातोडी हलकी असते आणि अभिनेता ती पिसासारखी फिरवतो, हा तिचा दोष. दांड्याच्या तळाशी, मुठीत राहील अशी, शंभर-दीडशे ग्रॅमची शिशाची पट्टी बसवा. डोक्याकडे वजन घालू नका, तिकडे ते कुणाच्या तरी कानाला लागेल. काठ्या फोमच्या, आत पातळ प्लॅस्टिकची नळी. प्रत्येक टेकनंतर नळी तडकली का ते वाकवून पाहा. तडकलेली नळी फोममधून बाहेर येते.

आत जाणाऱ्या पात्याच्या नकली सुऱ्यावर विसंबू नका. त्याची स्प्रिंग धुळीने अडकते. वाराच्या क्षणी फक्त मूठ हातात असू द्या आणि पातं नंतर संगणकावर घाला. पाठीत रुतलेल्या सुऱ्यासाठी दोन वाटा आहेत. शर्टाखाली दहा सेंटिमीटरची पातळ धातूची चकती बांधून तिला मूठ स्क्रूने लावता येते. पण त्यानंतर नायक एकदाही पाठीवर पडणार असेल तर ही वाट बंद, चकती मणक्यावर दाबली जाते. मग मुठीसकट सुरा संगणकावर करा आणि शर्टावर कापडाच्याच रंगाच्या थोड्या गडद छटेचे चार-पाच ठिपके शिवून घ्या, म्हणजे पुढे सुरा त्या जागेला चिकटवता येतो. घामाने शर्ट पाठीला चिकटला की ठिपके सरकतात, म्हणून ते मणक्याच्या रेषेवर नकोत, खांद्याच्या हाडाजवळ हवेत.

फरशी म्हणजे २० ते २५ मिमी फोमच्या चटया आणि त्यांवर ताणून चिकटवलेलं व्हिनाइल, काँक्रीटसारखं रंगवलेलं. जोड भिंतीला समांतर ठेवू नका, ट्रॉलीवरून ती रेघ तीन मिनिटं दिसत राहते. घाम, ग्लिसरीनचं पाणी आणि नकली रक्त यांनी व्हिनाइल साबणासारखं होतं. दर टेकनंतर पुसायला दोन माणसं फक्त त्याच कामाला ठेवा.

तालीम

दहा दिवस धरा. पहिले तीन फक्त फाईट मास्टर आणि त्याची टीम. पुढचे चार नायकासोबत. दोन दिवस सेटवर ट्रॉलीसह, आणि शेवटचा दिवस पूर्ण वेशात, बुटांसह. बूट शेवटच्या दिवशी बदलले तर सगळ्यांच्या पडण्याच्या जागा बदलतात.

वेग पाव, मग अर्धा, मग पाऊण. पूर्ण वेगाने तालीम करूच नका. चित्रीकरणाच्या दिवशी अंगात येतंच, तेव्हा पाऊण वेगाने बसवलेलं आपोआप पूर्ण वेगावर जातं. तुकडे उलट्या क्रमाने बसवा: आधी नववा, मग आठवा-नववा, मग सातव्यापासून पुढे. असं केल्याने शेवटचा भाग सगळ्यात जास्त वेळा घोटला जातो, आणि टेकमध्ये डोकं थकलेलं असतं ते नेमकं तिथेच. सुरुवातीपासून बसवत गेलात तर पहिली चाळीस सेकंदं अप्रतिम आणि शेवटचा मिनिट ढिसाळ होतो. बहुतेक नकलांचं हेच दिसतं.

थांबण्याचा एक शब्द ठरवा, मारामारीत चुकूनही कुणी ओरडणार नाही असा. 'नको', 'थांब', 'बस' हे शब्द चालत नाहीत, ते अभिनयात येतातच. तालीम रोज मोबाइलवर त्याच कोनातून चित्रित करा आणि आवाज बंद करून पाहा. आवाजाशिवाय जो फटका खोटा वाटतो तो बदला.

ट्रॉली आणि दिवे

चौदा मीटरची मारामारी आणि साडेपाच मीटरची फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याला साडेआठ मीटर सरकायचंय. दोन्ही टोकांना मीटरभर जास्त धरून साडेदहा मीटर रूळ टाका. लेव्हल पाचरी मारून काढा. ट्रॉली ढकलणाऱ्याने नायकाकडे बघून ढकलायचं नाही, तसं केलं तर कॅमेरा प्रत्येक धक्क्याला प्रतिसाद देतो आणि चित्र चिंताग्रस्त होतं. त्याने मोजणीवर चालायचं, जमिनीवरच्या खुणांवर. नायक फ्रेमच्या मध्यापासून दीड मीटर इकडे-तिकडे गेला तरी हरकत नाही. तो कडेला ढकलला गेला आणि कॅमेरा क्षणभर उशिरा निघाला, तर ते चांगलंच दिसतं.

दिव्यांत सगळ्यात मोठा धोका म्हणजे ट्रॉलीची सावली मागच्या भिंतीवर सरकणं. कॅमेऱ्याच्या मागून दिवा मारला की ती पडणारच. मुख्य प्रकाश वरून द्या: दीड ते दोन मीटर अंतराने ट्यूबची रांग, जराशा हिरवट छटेची. नायक एका ट्यूबखालून दुसरीकडे जाताना उजळतो, झाकोळतो, आणि तेवढ्यानेच चालीला लय येते.

आता एक गोष्ट जी कोरियन किंवा अमेरिकन व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना इथे नडते. कोरियात वीज ६० हर्ट्झ आहे. ट्यूब सेकंदाला १२० वेळा लुकलुकते, २४ फ्रेमला भागलं तर बरोबर पाच, म्हणून तिथे शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) बहुतेक कुठलाही चालतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे १०० लुकलुकी, आणि २४ ने भाग जात नाही. साध्या चोकच्या ट्यूबखाली १८० अंशांचा शटर ठेवलात तर चित्रात मंद धडधड येते. २४ फ्रेमला १७२.८ अंश, म्हणजे १/५० सेकंद ठेवा. हालचाल जास्त कोरडी, तुटक हवी असेल तर थेट १/१००. मधलं काही नको. एलईडी ट्यूब वापरत असाल तर प्रत्येक ट्यूब आधी कॅमेऱ्यासमोर तपासा, स्वस्त ड्रायव्हरचं काही सांगता येत नाही.

टेकचे दिवस

सतरा टेकला तीन दिवस, म्हणजे दिवसाला जेमतेम सहा. हा आकडा तसाच घ्या. पूर्ण जोराच्या सहा टेकनंतर माणसाचे हात वर जात नाहीत आणि दुखापती सातव्या टेकपासून सुरू होतात. दोन टेकमध्ये किमान अर्धा तास ठेवा: फरशी पुसणं, काठ्या तपासणं, पॅड बांधणं यात तो जातोच. कोरियात २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांच्या मर्यादेचा कायदा आला, त्यामुळे तिथेही असे शॉट तालमीत जास्त आणि सेटवर कमी वेळ घेऊन बसवणं सोयीचं ठरतं. पैशाच्या हिशेबानेही तेच परवडतं.

आवाज नंतर लावायचा असल्याने फाईट मास्टरने टेकमध्ये मोठ्याने आकडे म्हणायचे. कट कधी म्हणायचा हे आधी ठरवा, नाहीतर प्रत्येक हुकलेल्या ठोशाला कुणीतरी टेक थांबवतं. थांबवण्याची कारणं चारच: खरी दुखापत, कुणी ट्रॉलीकडे पाहिलं, हातोडी हातातून निसटून कॅमेऱ्याच्या कडेबाहेर गेली, रूळ किंवा दिवा फ्रेममध्ये आला. बाकी चालू द्या. ठोसा हुकला तर समोरच्याने पडू नये, ठोसा हुकला असंच खेळावं. तालमीत हेही शिकवायचं.

कोरियन सेटवर एक संकलक तिथेच बसून आलेले शॉट लगेच जोडून दाखवतो. एका शॉटच्या दृश्यालाही हा माणूस हवा. टेकच्या आधीचा शॉट आणि नंतरचा शॉट लावून पाहिल्याशिवाय लांबी कळत नाही, मॉनिटरवर थरारक वाटलेली तीन मिनिटं जोडल्यावर चार वाटू शकतात. टेक निवडताना सर्वांत स्वच्छ टेक निवडू नका. दिवसातल्या चौथ्या-पाचव्या टेकमध्ये नायकाचे गुडघे खरे लटपटतात, त्यात दोन ठोसे हुकले असले तरी तोच बहुतेक वेळा बरा असतो.

तिसऱ्या दिवशीही जमलं नाही तर? सुटकेची वाट सेट बांधतानाच ठेवा: कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याकडच्या कडेला, मधोमध, एक फूट रुंदीचा काळसर खांब. ट्रॉली त्याच्या मागून जाताना त्याची कड फ्रेमभर सरकते आणि त्या कडेवर दोन टेक सांधता येतात. फक्त दोन्ही टेकमध्ये ट्रॉलीचा वेग तिथे सारखा हवा, आणि खांबाच्या आसपास एक विश्रांतीचा तुकडा हवा. २०१७ च्या 'द व्हिलनेस' या कोरियन चित्रपटामध्ये नायिकेच्या नजरेतून चाललेली सुरुवातीची मारामारी आरशाशी येऊन बाहेरच्या नजरेत बदलते, तसले सांधे हे वेगळं शास्त्र आहे. खांबाची युक्ती मात्र दोन दिवसांत कुणालाही जमते.

आवाज

शेवटचा टेक ओके झाला की नायकाला लगेच पाणी देऊन बसवू नका. आधी ध्वनिमुद्रकाने त्याला माइकसमोर उभं करून दहा मिनिटं फक्त त्याचा श्वास मुद्रित करावा: धाप, कण्हणं, थुंकी गिळणं, भिंतीला टेकतानाचा सुस्कारा. तीन आठवड्यांनी वातानुकूलित स्टुडिओत ताजातवाना बसलेला माणूस हा श्वास देऊ शकत नाही. फटक्यांचे आवाज नंतर कोबी, ओलं चामडं आणि जाड कापडावर मिळतात. पण प्रत्येक फटक्याला आवाज लावू नका, आणि सगळ्यांना सारखा मोठा तर अजिबात नको. नवव्या तुकड्यात श्वास फटक्यांच्या वर ठेवा.